गोलच्या जागी वीट

आमच्या कॉलेजच्या जिमखान्याबाहेर चपला कुठेही काढून चालत नसे. हॉकी खेळणाऱ्या प्रत्येक मुलीने आपल्या चपला आपल्या जागेवर काढायच्या, असा नियम होता, आणि जागा म्हणजे संघातली जागा. व्हरांड्याची शहाबादी फरशी हे मैदान. दाराकडची बाजू आपला गोल, पायऱ्यांकडची बाजू समोरच्यांचा. मुली बूट चढवून सरावाला गेल्या की मागे फरशीवर चपलांचा अख्खा संघ उभा असे. पुढे फॉरवर्ड, मधे हाफ, मागे दोन बॅक. जिथली खेळाडू अजून मिळाली नसेल तिथे वीट.

ही व्यवस्था आमच्या क्रीडा संचालकांची. मुली त्यांना सर म्हणत, ऑफिसात आम्हीही सरच म्हणायचो. ते मात्र मला साहेब म्हणायचे. मी या कॉलेजात कार्यालयीन अधीक्षक आहे. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे मला मॅडम म्हणतात. "खुर्ची साहेबांची आहे, तिला मॅडम कसं म्हणायचं?" हे सरांचं म्हणणं, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मी रुजू झाले त्या पहिल्या आठवड्यात तो चपलांचा पसारा पाहिला आणि शिपायाकडून सगळ्या एका रांगेत लावून घेतल्या. कॉलेजचा व्हरांडा आहे, मंगल कार्यालय नाही, असं मला वाटलं. तासाभराने सर आले. त्यांनी रांगेकडे पाहिलं आणि कानडीत आकडे मोजायला सुरुवात केली. "ओंदू. एरडू. मूरू. नाल्कू." तिथे थांबले.

मला शिपायाने नंतर समजावून सांगितलं. सर अक्कलकोटच्या बाजूचे, घरी कानडी बोलणारे. राग आला की ते कानडीत मोजतात. दहापर्यंत पोचले तर राग उतरला समजायचं. मधेच थांबले तर समोरच्याने आपलं आपण निघून जावं. मी कसली जाते? उभी राहिले.

"साहेब," सर म्हणाले, "तुम्ही माझा सेंटर फॉरवर्ड गोलमध्ये नेऊन ठेवलात."

सर बारीक, उंच, उन्हाने काळपट झालेले. बारा महिने हातात काळी छत्री. ती पावसासाठी नव्हती. पाऊस आला तर ती मिटून काखेत मारून ते भिजत जायचे. ती उन्हासाठी होती आणि त्याहून जास्त संघासाठी. शिट्टी वाजवून खेळाडू दचकतात, असं त्यांचं मत होतं. म्हणून ते रेषेबाहेर छत्री घेऊन उभे राहत. छत्री उघडली की सगळ्यांनी पुढे जायचं, मिटली की मागे यायचं. एकदा सामना चालू असताना वावटळ उठली आणि छत्री उलटी झाली. उलट्या छत्रीचा अर्थ मुलींना शिकवलेला नव्हता. त्या होत्या तिथे थांबल्या आणि सरांकडे बघत राहिल्या. तेवढ्यात गोल झाला. दुसऱ्या दिवसापासून उलटी छत्री म्हणजे 'आपापलं बघा' असं ठरलं.

खिशात कडक भाकरीचे तुकडे असायचे. विचार करायचा असला की ते एक काढून मोडत. कट् असा आवाज आला की समजायचं, सर विचारात आहेत. माझ्या टेबलापाशी बसून मोडली तर चुरा मी त्यांनाच पुसायला लावायची. पुसायचे बिचारे, छत्रीच्या टोकाने.

खेळाडू निवडण्याचं त्यांचं शास्त्र वेगळं होतं. कोण किती पळते, काठी कशी धरते, याकडे ते फारसं बघत नसत. सोलापुरात शाळेत हॉकी खेळून आलेली मुलगी मिळायची मारामार. शाळांमधून येतात त्या खो-खोच्या मुली, कबड्डीच्या मुली. मग काठी कोणालाच धरता येत नाही, तर ते बघायचंच कशाला, हा त्यांचा हिशेब. ते बघायचे खोड.

"गुण विचारू नयेत, साहेब. सांगताना गुण सगळ्यांचे सारखेच असतात. खोड मात्र ज्याची त्याची. आणि माणूस दमला की गुण गळतात. खोड काही गळत नाही. शेवटच्या दहा मिनिटांत मैदानात जे काय खेळतं, ते खोडच."

मुलीला खोड विचारून उपयोग नाही, ती लाजते. म्हणून ते आईला विचारायचे. जूनमध्ये प्रवेशाची रांग लागली की सर छत्री घेऊन रांगेशेजारच्या बाकावर बसत. एखादी मुलगी डोळ्यांत भरली की उठून तिच्या आईपुढे उभे राहत आणि विचारत, "हिची खोड काय?"

आयांना हे कसं वाटत असेल याचा विचार त्यांनी कधी केला नाही. एक बाई पदर सावरून म्हणाली, "आमच्या पोरीत काय खोड न्हाय. सैपाक येतो, शिवान येतं, बारावीला फस्क्लास हाय." दुसरीने थेट माझ्या टेबलापाशी येऊन विचारलं, "त्ये पाहुणे कुणाकडनं आलेत?"

मी सरांना आत बोलावलं. "सर, बाहेर बायकांना वाटतंय तुम्ही मुलगी बघायला आलात."

"मुलगीच बघतोय की."

"हे असं रांगेत बोलू नका. प्रवेश अर्जावर खेळाचा रकाना असतो. तो बघा."

"रकान्यात सगळ्या बॅडमिंटन लिहितात, साहेब. अंगणात दोन रॅकेट आणि पिसं गेलेलं एक फूल. हिला घेऊन मी हॉकीत काय करू?"

त्याच रांगेत त्यांना शबाना मिळाली. तिच्या अम्मीला सरांचा प्रश्न ऐकून राग वगैरे आला नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून तिला बरंच वाटलं. "बोलती सर ये! सुबू से बोलती. नींद में बी बोलती. घर में किसी कू सोने नै देती."

"क्या अम्मी, मैं इत्ता बोलती क्या? कल तो मैं चुपीच थी, मेरा गला बैठा था, तो बी मैंने..." शबानाचं सुरू झालं.

"सेंटर हाफ," सर म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले. मैदानाच्या मधोमध उभी राहून सगळ्यांना सतत काहीतरी ओरडून सांगणारी मुलगी त्यांना हवी होती. ती त्यांना फुकट आणि पूर्ण तयार मिळाली.

ही सवय त्यांना कॉलेजाबाहेरही सोडत नसे. स्टाफमधल्या कोणाच्या लग्नात मांडवात बसून ते नवऱ्या मुलाकडे बराच वेळ बघत होते. मग माझ्याकडे वाकून म्हणाले, "राइट हाफ. बरं झालं. घर सांभाळेल, पुढे जायची घाई नाही." प्राचार्यांना त्यांनी लेफ्ट बॅक केलं होतं. "काहीही आलं की आधी बाहेर टोलवायचं. फाइल असो नाहीतर माणूस." यातलं 'लेफ्ट बॅक' एवढंच प्राचार्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांना हॉकीतलं कळत नसल्यामुळे ते कौतुकच वाटलं.

खरी अडचण झाली ती गोलकीपर गेली तेव्हा. आमची जुनी गोलकीपर पदवी घेऊन बी.एड.ला लातूरला गेली. दुसरी कोणी तिथे उभी राहायला तयार होईना. नियमाप्रमाणे गोलकीपरशिवाय संघ उतरवता येतो, म्हणून त्या वर्षी सरांनी तसाच उतरवला. दुसऱ्या दिवशी पेपरात निकाल आला. आमच्या लेखनिकाने तो मोठ्याने वाचला आणि विचारलं, "मॅडम, आपल्या मुली क्रिकेट कधीपासून खेळायला लागल्या?"

प्राचार्यांनी सरांना आणि मला बोलावून घेतलं. मला, कारण मैदानासंबंधीचा पत्रव्यवहार माझ्याकडे. ते म्हणाले, "संस्थेला गाड्या लावायला जागा हवी आहे. तुमचं मैदान रिकामंच असतं. मी आणखी एक वर्ष देतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एक सामना जिंकून दाखवा. एक. नाहीतर हॉकी बंद आणि तिथे पार्किंग."

सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मला वाटलं, आता मोजायला लागतील. त्यांनी फक्त विचारलं, "गाड्या कुठल्या बाजूने लावणार?"

"का?"

"दक्षिणेच्या गोलपाशी लावू नका. तिथला मुरूम भुसभुशीत आहे. स्टँड रुतेल."

बाहेर आल्यावर त्यांनी भाकरी मोडली. "साहेब, मला गोलकीपर पाहिजे."

"माझ्याकडे काय मागताय? मी कुठून आणू?"

व्हरांड्यात गोलच्या जागी वीट आली, आणि सर गोलकीपरच्या शोधाला लागले. त्यांना वाटलं, अंगावर काही आलं तरी जिचे डोळे मिटत नाहीत अशी मुलगी हवी. मग ते जाता-येता लोकांवर वस्तू फेकायला लागले. खडू, किल्ल्या, लिंबू. ग्रंथपाल बाईंचा चष्मा त्यात गेला. माझ्यावर त्यांनी स्टॅम्प पॅड फेकलं. मी ते झेललं आणि खणात टाकून कुलूप लावलं. ते त्यांना महिनाभर मिळालं नाही.

मग त्यांच्या डोक्यात यंत्रमाग आला. मागावर धोटा इकडून तिकडे झपझप फिरतो, आणि क्वचित कधी सुटून गोळीसारखा बाहेर येतो. अशा मागांशेजारी वाढलेल्या पोरीला चेंडूची काय भीती? गावाच्या पूर्व भागात आमच्या पुष्कळ विद्यार्थिनींची घरं. पुढे घर, मागे माग. त्यातल्या पद्मा नावाच्या मुलीकडे सर गेले. मुलीच्या घरी एकट्या पुरुषाने जाऊ नये म्हणून मला बरोबर घेतलं. मी नाही म्हणाले होते, मला महिनाअखेरीची कामं होती. पण कोणीतरी जायला हवंच होतं.

मागांच्या खडखडाटात कोणाला काही ऐकू येत नव्हतं. पद्माच्या वडिलांनी खुर्च्या मांडल्या. सरांनी न सांगता खिशातून चेंडू काढला आणि अंगणात उभ्या असलेल्या पद्माकडे टाकला. पद्मा दिसेनाशी झाली. चेंडू जाऊन सुताच्या बाचक्यावर आदळला, आणि ती पाण्याच्या पिंपामागून उभी राहिली.

सरांनी परत टाकला. ती परत गेली.

"अय्यो सर, काय करताय?" वडील ओरडले. "धोटा सुटला की वाकायचं, हे आमच्यात पोराला चालायच्या आधी शिकवतात. मान राहिली पाहिजे का नको?"

परतताना सर भाकरी मोडत चालले होते. त्यांच्या शास्त्राला असा फटका कधी बसला नव्हता. मी म्हणाले, "सर, त्या घरात न वाकणारी माणसं मोठी होत नसतील." ते म्हणाले, "ते कळलं, साहेब. पण खोड पक्की आहे. ती वाया कशी घालवायची? कुठे लावायची, त्याचा विचार चाललाय." पद्माला त्यांनी संघात घेतलं. सेंटर फॉरवर्ड. मी विचारलं, चेंडू आला की वाकणाऱ्या मुलीला पुढे कशाला उभी करता? ते म्हणाले, "बघू."

तसंच अश्विनीचं. ती खो-खोतली जिल्ह्याची खेळाडू. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला दिशा घेतली की मागे फिरता येत नाही, खांबापर्यंत जावंच लागतं. ते तिच्या पायांत इतकं मुरलेलं, की हॉकीत चेंडू मागे सुटला तरी ती पुढे पळतच राहायची. थेट शेवटच्या रेषेपर्यंत जायची, गोलच्या खांबाला हात लावायची आणि मग वळायची. मुली हसून लोळायच्या. सरांनी तिला रागावलं नाही. तिच्या चपला उजव्या विंगला, पायऱ्यांच्या अगदी कडेला ठेवल्या. "हिला परत फिरायला शिकवायचं नाही. फक्त पळताना चेंडू बरोबर न्यायला शिकवायचं."

त्यासाठी त्यांना मैदानावर पाणी हवं होतं. मुरमावर चेंडू ससा उड्या मारतो तसा उडतो. मी नाही म्हणाले. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची बोंब असताना मैदानावर पाणी मारायचं म्हणजे उद्या पेपरात यायचं. मग बागेसाठी येणारा बोअरचा टँकर आठवड्यातून एकदा मैदानाकडे वळवला. बागेत तसंही निवडुंगच होतं.

बाकीच्या दहाही जागा भरत आल्या. गोलमध्ये वीट तशीच. स्पर्धा जवळ आली.

एके सकाळी माझ्या ऑफिसच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. रेश्मा तिचं नाव. प्रथम वर्ष, केमहून रेल्वेने ये-जा करायची. गाडी चुकली की दिवस बुडायचा, आणि घरचे म्हणत होते, असं होणार असेल तर कॉलेज सोड. तिला हॉस्टेलला जागा हवी होती.

"जागा नाही," मी म्हणाले.

"व्हय."

"म्हणजे यादी लागली. आता पुढच्या वर्षी."

"व्हय, मॅडम."

"मग जा ना वर्गात."

"मी हितंच हाय."

आणि ती खरंच तिथेच उभी राहिली. दारात, मधोमध. भांडण नाही, रडणं नाही, काही नाही. अंगाने भरलेली, पाय जरा फाकून उभी. लोक आडवे होऊन तिच्या बाजूने आत यायला लागले. चहावाल्याने ट्रे डोक्यावर धरला. रंगकामाचा ठेकेदार तिच्यावर आपटला आणि त्यानेच माफी मागितली. लेखनिक तिला म्हणाला, "अगं, बाजूला तरी हो." ती म्हणाली, "मी कुणाला अडीवलंय?"

जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, "काही खाल्लंस का?"

"भाकरी खाल्ली की, हितंच."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. दुपारी डोकं दुखायला लागलं, तसं मी पेन खाली ठेवून तिच्याकडे नीट बघितलं. माझ्या ऑफिसचं दार चांगलं रुंद आहे. सकाळपासून तिला वळसा घातल्याशिवाय त्यातून एक माणूस आत आलं नव्हतं. मी फोन उचलला.

"सर, जरा ऑफिसकडे या. आणि येताना चेंडू आणा."

सर आले. लांबूनच त्यांनी दाराकडे पाहिलं. छत्री भिंतीला टेकवली, बरोबर आणलेली काठी घेतली आणि कॉरिडॉरच्या त्या टोकाहून चेंडू जोरात दाराकडे मारला. रेश्माने मान वळवली, येणारा चेंडू बघितला, पाय आडवा घालून थांबवला, आणि पुन्हा माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "मग, मॅडम? जागेचं काय?"

"हिची खोड काय?" सरांनी मला विचारलं.

"हलत नाही."

सर कानडीत मोजायला लागले. "ओंदू, एरडू..." दहा झाले तरी थांबेनात. मी त्यांना दहापुढे मोजताना पहिल्यांदा ऐकलं. शिपायाला याचा अर्थ माहीत नव्हता.

क्रीडा कोट्यातून हॉस्टेलला एक खोली मिळू शकत होती. पण त्या खोलीत मोडक्या खुर्च्या भरल्या होत्या, आणि निर्लेखनाचा, म्हणजे त्या भंगारात काढायचा, ठराव झाल्याशिवाय त्या हलवता येत नाहीत. मी सरांना स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत खुर्च्या गच्चीवर गेल्या. ताडपत्री घालून ठेवल्या, पावसात फुगल्या तर उद्या मलाच उत्तर द्यायचं.

रेश्माने हॉकी जन्मात पाहिली नव्हती. काठी हातात दिल्यावर तिने विचारलं, "हिनं कुणाला मारायचं न्हाय न्हवं?" गोलकीपरचे पॅड जुने, आतलं सगळं उसवून गेलेलं. पद्माच्या वडिलांनी मागावर उरलेल्या चादरीच्या कडांच्या पट्ट्या आणून दिल्या, त्या ठासून भरल्या आणि वरून शिवून टाकलं. लाल, हिरव्या, जांभळ्या. ते पॅड बांधून रेश्मा गोलमध्ये उभी राहिली, की मागची जाळी दिसायची नाही. सरांनी तिला एकच गोष्ट शिकवली. "अक्का, तुझी गाडी सुटली, घरचे ओरडतायत, मॅडम जागा देत नाहीत. उभी राहा." सगळ्या मुलींना ते अक्का म्हणायचे.

त्या दिवशी व्हरांड्यातली वीट त्यांनी स्वतः उचलली आणि बाजूला ठेवली. रेश्माच्या चपला गोलमध्ये आल्या. अंगठा तुटून दोऱ्याने शिवलेल्या.

सामना शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका मोठ्या कॉलेजच्या मैदानावर होता. मुलींबरोबर बाई माणूस लागतं म्हणून मी गेले. स्पर्धा बाद फेरीची. हरलो की त्याच दिवशी घरी, आणि पुढच्या वर्षी मैदानावर स्कूटर. समोरच्या संघाचे सारखे गणवेश, सारखे बूट. आमच्या मुलींचे मोजे दोन रंगांचे होते. शबानाने त्याबद्दल पंचांना कारणं सांगायला सुरुवात केली होती. पंचांनी घाईने खेळ सुरू केला.

पहिला अर्धा वेळ चेंडू आमच्याच बाजूला. रेश्मावर मार बसत होता आणि ती उभी होती. मध्यंतरानंतर केव्हातरी चेंडू अश्विनीकडे आला. छत्री उघडली. अश्विनी जी सुटली ती सुटली. त्यांची एक बॅक आडवी आली, दुसरी आली. शहाणी मुलगी थांबली असती, वळली असती. अश्विनी शेवटच्या रेषेपर्यंत गेली आणि तिथून चेंडू आत हाणला. चेंडू मुरमावरून उडत थेट पद्माच्या अंगावर. त्यांची गोलकीपर पद्माकडे झेपावली, बॅक पद्माला चिकटलेली, सगळं मैदान पद्माकडे बघतंय, आणि पद्मा वाकली. जन्मभर वाकत आली तशी. चेंडू तिच्यावरून पलीकडे गेला. तिथे शबाना ओरडत आलेली होती. तिने काठी फिरवली.

"लगा क्या? लगा क्या? अरे बोलो ना कोई, लगा क्या?"

लागला होता.

मी सरांकडे पाहिलं. ते भाकरी मोडत होते. "बघू म्हणालो होतो की नाही?" एवढंच म्हणाले.

एक गोल हातात धरून बसणं फार वाईट. शेवटची काही मिनिटं राहिली असताना आमच्या बॅकने गोलमध्ये चाललेला चेंडू पायाने अडवला, आणि पंचांनी पेनल्टी स्ट्रोक दिला. म्हणजे गोलसमोर चेंडू ठेवायचा, त्यांची एक मुलगी, आमची गोलकीपर, मधे कोणी नाही. चेंडू मारेपर्यंत गोलकीपरने पाय हलवायचा नाही, असा नियम.

सरांनी छत्री उघडली आणि तोंडासमोर आडवी धरली. "मी बघत नाही, साहेब. तुम्ही सांगा."

"सर, हे काय पोरासारखं?"

"सांगा."

"बरं. त्यांची मुलगी आली. उंच आहे."

"अक्का काय करतेय?"

"उभी आहे."

"कशी?"

"ऑफिसच्या दारात होती तशी."

छत्रीमागून भाकरी मोडल्याचा आवाज आला.

"मुलगी चेंडूपाशी थांबलीय. उजवीकडे बघतेय. आता डावीकडे. रेश्मा तिच्याकडे बघतेय. समोरची जागा देते की नाही याची वाट बघितल्यासारखी उभी आहे. पंचांनी शिट्टी दिली. मारत का नाही ती? ...मारला!"

"काय झालं?"

मला लगेच कळेना. चेंडू सरळ रेश्माच्या डाव्या पॅडवर बसला होता आणि पॅड फुटलं होतं. लाल, हिरव्या, जांभळ्या पट्ट्या मुरमावर पसरल्या. पंच वाकून त्या ढिगात बघायला लागले. चेंडू पट्ट्यांत अडकला होता, रेषेच्या अलीकडे, मैदानाच्या बाजूला.

"साहेब, काय झालं?"

"छत्री खाली घ्या आणि बघा. पॅड फुटलं. गोल नाही."

शेवटची शिट्टी झाली तरी रेश्मा तिथेच उभी. मुली जाऊन तिला ओढायला लागल्या. "अगं, संपलं! हल की आता!" ती म्हणाली, "सरांनी सांगू द्या." सरांनी छत्री मिटली, तेव्हा ती हलली.

दुसऱ्या फेरीत आम्ही हरलो. पण निकाल वाचून कोणाला ते क्रिकेट वाटलं नसतं. पार्किंग बागेत झालं. निवडुंग काढले.

सर पुढच्या वर्षी निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं झाली. प्राचार्य खिलाडूवृत्तीवर बराच वेळ बोलले. चहाच्या वेळी मी सरांना विचारलं, "सर, तुम्ही सगळ्या जगाला जागा दिलीत. माझी कुठली?"

"तुम्हाला संघात जागा नाही, साहेब."

"का बरं?"

"तुमची खोड रेषेच्या आतली नाही. तुम्ही आधी नाही म्हणता आणि मग करता. असं माणूस रेषेबाहेर लागतं, छत्री घेऊन."

"असलं काही नाही."

"बघा," सर म्हणाले आणि खिशातून भाकरी काढून अर्धी मला दिली. ते आता गावी शेतात असतात. तूर चांगली आली की फोन करतात.

त्यांची जागा अजून भरली नाही. भरतीला मंजुरी नाही. मुली आपल्या आपण सराव करतात, चपला जागच्या जागी काढतात. सर रेषेबाहेर उभे राहायचे ती जागा म्हणजे फरशीची कड, तिथे मुलींनी वीट ठेवली होती. प्राचार्यांनी मला तात्पुरता कार्यभार घ्यायला सांगितला. मी नाही म्हणाले. मला हॉकीतलं कळत नाही, आणि ऑफिसात काम कमी नाही.

यंदा जूनमध्ये प्रवेशाच्या गर्दीत मी जिमखान्यावरून चालले होते. रेश्मा आता तिसऱ्या वर्षाला, कप्तान आहे. ती माझ्या वाटेत येऊन उभी राहिली.

"मॅडम, सँडल काढा की."

कडेची वीट नव्हती. तिने ती डाव्या हाफच्या जागी ठेवली होती, तिथली मुलगी पास होऊन गेली होती. कडेला फरशी मोकळी होती. पलीकडे बाकावर एक नवीन मुलगी आणि तिची आई अवघडून बसल्या होत्या.

"नाही," मी म्हणाले. "मला वेळ नाही."

"व्हय," रेश्मा म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.

मी कडेच्या मोकळ्या जागी सँडल काढले. फरशी तापली होती, फार वेळ उभं राहता येत नव्हतं. बाकावर जाऊन बसले आणि त्या बाईंना विचारलं, "हिची खोड काय?"